कान उघडे ठेवून चालताना

साउंडवॉकला येणाऱ्यांना मी आधी कपड्यांबद्दल सांगते. सळसळणारं विंडचीटर नको, खिशात किल्ल्यांचा जुडगा नको, बांगड्या असतील तर वर सरकवून ठेवा, फोन बंद. मग एकामागून एक चालायचं, परत जमेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. माहितीपटांसाठी ध्वनिमुद्रण करणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण रेकॉर्डर घरी ठेवून नुसतं ऐकत चालणं हा त्या कामाचा पाया आहे, असं मी मानते. हातात मायक्रोफोन असला की लक्ष हव्या त्या आवाजाकडे जातं. रिकाम्या हातानं चालताना नको असलेले आवाजही ऐकावे लागतात, आणि जागा कळते ती बरीचशी त्यांच्यातूनच.

या चालण्याला नाव आणि शिस्त मिळाली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये. संगीतकार आर. मरी शेफर यांनी सायमन फ्रेझर विद्यापीठात काही तरुणांना सोबत घेऊन शहराच्या आवाजांचा अभ्यास मांडला. ‘द व्हँकुव्हर साउंडस्केप’ हे त्या गटाचं काम १९७३ मध्ये पुढे आलं, आणि शेफर यांचं ‘द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड’ १९७७ मध्ये. या गटातल्या हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प १९६८ मध्ये जर्मनीहून कॅनडात आल्या होत्या. साउंडवॉकवरचा त्यांचा निबंध १९७४ चा. पुढे तिथल्या को-ऑप रेडिओवर त्यांनी याच नावाचा कार्यक्रमही केला. परक्या मुलखातून आलेल्या बाईनं नव्या शहराची ओळख कानानं करून घ्यावी, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण कान लावून चालायला कुणाची शिफारस लागत नाही, घर-जमीन लागत नाही, भाषा येत नसली तरी अडत नाही.

शेफर आवाजांचे तीन थर सांगतात. काही आवाज सतत खाली वाहत असतात, इतके की ते ऐकू येतात हेच आपण विसरतो. काही मुद्दाम लक्ष वेधून घेतात. भोंगा, घंटा, हॉर्न. आणि काही त्या गावाची खूणच असतात. व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कात रोज रात्री नऊला तोफ उडते, तशी. पहिला थर मला पुस्तकाआधीच माहीत होता. माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. यंत्रमागांची खटखट रात्रंदिवस चालायची, आणि त्या खटखटीतच आम्ही झोपायचो. रात्री वीज गेली, माग थांबले की सगळ्या गल्लीला जाग यायची. आज एखाद्या जागेशी माझं नातं जुळलंय की नाही, याची माझी कसोटी तीच आहे: तिथला नेहमीचा आवाज बंद पडला तर माझ्या लक्षात येतं का?

कामासाठी पुण्यात आले तेव्हा कसबा पेठेतल्या तांबट आळीनं मला थांबवलं. पेशवाईपासून तांब्याची भांडी घडवणारी घराणी इथे आहेत. दाबयंत्रावर निघणाऱ्या भांड्यांपुढे हातघडाईचं काम कमी झालं, पण अजून ठोके ऐकू येतात. बाहेरून ते सगळे सारखे वाटतात. जरा उभं राहिलं की वेगळे होतात. भट्टीतून काढलेलं तांबं मऊ असतं. त्यावर हातोडा पडला की आवाज बद्द येतो, लगेच विरतो. ठोके पडत जातात तसं तांबं कडक होतं आणि भांडं बोलू लागतं, आवाज खणखणीत होऊन हवेत रेंगाळतो. फार कडक झालं तर ते तडकेल, म्हणून पुन्हा भट्टीत. शेवटी मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाशेजारी एक, एकाच वजनाचे ठोके, ओळीमागून ओळ. ते काम चालू असताना लय मोडत नाही. ठोका चुकला तर हंड्याच्या अंगावर तो कायमचा दिसतो. तिथे वारंवार जाऊन आता मला गल्लीच्या तोंडाशीच कळतं, आत घडाई चाललीय की मठार. त्या आळीत माझं घर नाही, नातं नाही. तरी तो आवाज माझ्याशी काहीतरी बोलतो, आणि परकेपणा तिथून कमी होऊ लागतो.

चालण्याचा वेग इथे महत्त्वाचा आहे. दुचाकीवरून ही आळी मिनिटभरात संपते आणि कानात राहतो तो आपल्याच इंजिनाचा आवाज. पावलागणिक आवाज बदलतो हे पायी चालणाऱ्यालाच कळतं. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या एखाद्या बोळातून चालून बघा. आधी ढोल येतो, छातीत जाणवतो. ताशा मात्र कोपरा वळल्यावर एकदम अंगावर येतो. १०० हर्ट्झच्या खर्जाची लहर साधारण साडेतीन मीटर लांब. ती इमारतीला वळसा घालून येते. ३००० हर्ट्झच्या तीक्ष्ण आवाजाची लहर जेमतेम ११ सेंटिमीटरची, तिला भिंती अडवतात. मिरवणूक किती लांब आहे, मधे किती वळणं आहेत, हे पेठेत वाढलेली पोरं त्यावरूनच सांगतात.

पण आपण जागेला ऐकलं एवढ्यानं भागत नाही. जागेनंही आपल्याला ऐकायला हवं. ते कसं असतं, याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्या वारीत आहे. माउलींची पालखी तळावर पोचते, समाजआरतीसाठी दिंड्या उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला असतो. चोपदार दंड उंचावतो आणि सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग त्या दिंडीकडे जाऊन तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. दिवसभर चालून आलेला एवढा मोठा समाज गप्प होतो, तो एका दिंडीचं गाऱ्हाणं ऐकू यावं म्हणून. वारकरी वारीला आपली म्हणतो त्याचं एक कारण मला इथे सापडतं.

शहरात हा दंड कुणी उंचावत नाही. कायदा आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. सणासुदीला भिंतीएवढे स्पीकर लागतात तेव्हा तिचं काय होतं, ते आपण सगळे अनुभवतो. माझा आक्षेप केवळ कानाला होणाऱ्या त्रासाला नाही. एकाचा आवाज एवढा मोठा झाला की बाकीच्यांचे पुसले जातात. रविवार पेठेत सोन्याचं काम करणारे बंगाली कारागीर आहेत. वरच्या मजल्यांवर त्यांच्या बारीक हातोड्या चालतात, दिवस संपल्यावर घरी फोन लावून ते बोलत बसतात. ही बंगालीही आता पेठेचाच आवाज आहे. कल्हईवाला गेला, पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार गेला, याची हळहळ मलाही आहे. पण जे गेलं त्याचीच यादी करत बसलं, तर नव्यानं आलेल्यांना आपण ऐकणार कधी? आज जे तिथे राबतात त्यांनाही ती जागा तेवढीच आपली वाटायला हवी.

तेव्हा एक करा. रोज ज्या वेळी गाडी काढता, त्याच वेळी एखाद्या दिवशी आपल्या गल्लीतून पायी निघा. इअरफोन घरी ठेवा, बोलणं बंद ठेवा. आधी स्वतःची पावलं ऐका, मग सगळ्यात जवळचा आवाज, मग सगळ्यात लांबचा. कोणता आवाज कुणाचा, हे किती जणांबाबत सांगता येतं ते बघा. ज्याचा आवाज रोज कानावर पडतो पण जो कोण ते माहीत नाही, असा माणूस नक्की सापडेल. त्याच्याशी थांबून बोला, त्याला नाव विचारा आणि आपलं सांगा.