आपल्याच लोकांना सुनावणारे फादर

बी.एड.ला असताना एका शनिवारी आमच्या सरांनी ‘बॉईज टाऊन’ हा १९३८चा इंग्रजी सिनेमा दाखवला होता. स्पेन्सर ट्रेसीला त्यातल्या फादर फ्लॅनगनच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं होतं. परीक्षेत ‘वाया गेलेली मुले’ या प्रश्नाच्या उत्तरात मी फादरचं नाव लिहिलं आणि विसरून गेलो. परवा रमजानच्या सुट्टीत त्यांच्याविषयी पुन्हा वाचलं. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रसंग या सिनेमानंतर आठ वर्षांनी घडला होता. तो वाचला आणि मला माझीच लाज वाटली. म्हणून हे लिहितोय.

एडवर्ड फ्लॅनगन यांचा जन्म १८८६चा, आयर्लंडमधल्या बॅलीमो गावचा. १९०४मध्ये ते अमेरिकेत गेले, १९१२मध्ये पाद्री झाले. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात त्यांनी आधी बेघर, बेकार मजुरांसाठी राहण्याची सोय केली. त्या माणसांशी बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की यातल्या बऱ्याच जणांचं आयुष्य लहानपणीच विस्कटलं होतं. मग सुरुवातच लहानपणापासून का करू नये? डिसेंबर १९१७मध्ये नव्वद डॉलर उसने घेऊन त्यांनी एक घर भाड्यानं घेतलं आणि पाच मुलांना आणलं. पहिल्या नाताळाला कुणीतरी आंबवलेल्या कोबीचं पिंप पाठवलं होतं. सणाचं जेवण त्यावरच झालं.

मुलं वाढत गेली. १९२१मध्ये संस्था शहराबाहेरच्या शेतावर गेली आणि तिथं मुलांचं एक गावच वसलं. या गावाचा महापौर मुलंच निवडत. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, गोरी, काळी, सगळी मुलं तिथं होती. याच ओमाहात १९१९मध्ये जमावानं विल ब्राऊन या काळ्या माणसाला ठार मारलं होतं, हे लक्षात घेतलं तर त्याची किंमत कळते. मुलाला मारून सुधारता येतं, यावर फादरचा विश्वास नव्हता.

१९४६मध्ये ते मायदेशी आले. सिनेमामुळे जगभर नाव झालेलं, त्यामुळे जोरदार स्वागत झालं. आयर्लंडमध्ये तेव्हा अनाथ आणि गरीब मुलांना ‘औद्योगिक शाळां’मध्ये ठेवत. त्यातल्या बहुतेक शाळा कॅथलिक धर्मसंघच चालवत, म्हणजे फादरच्याच चर्चची माणसं. तिथं मुलांना कशी मारहाण होते, याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचली. कौतुकाचे हार गळ्यात असताना त्यांनी जाहीर सभेत या संस्थांना देशाचा कलंक म्हटलं. हे तुम्ही खपवून घेता, म्हणून चालतं, असं समोर बसलेल्या लोकांनाच सुनावलं.

लोकांना ते रुचलं नाही. बाहेरून येऊन देशाची बदनामी करतो, असा सूर निघाला. न्यायमंत्री जेराल्ड बोलंड यांनी संसदेत त्यांचं बोलणं अतिशयोक्ती ठरवून उडवून लावलं. दोन वर्षांनी, मे १९४८मध्ये, युद्धात होरपळलेल्या मुलांच्या कामासाठी गेलेले फादर बर्लिनमध्ये वारले. आयर्लंडमधल्या चौकशी आयोगाचा अहवाल आला मे २००९मध्ये. मुलांच्या त्या संस्थांत मारहाण ही नित्याचीच गोष्ट होती, असं त्यात नोंदवलं आहे. फादर बोलले त्याला तेव्हा त्रेसष्ट वर्षं झाली होती. त्या काळात किती मुलांनी मार खाल्ला असेल?

आता माझं सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ज्या शाळेत शिकवत होतो, तिला लागून यतीम मुलांचं वसतिगृह होतं. एका सकाळी सहावीतला एक मुलगा वही पुढे करेना. हात पाहिला तर पंजा सुजलेला. सबक पाठ झाला नाही म्हणून रात्री छडी बसली होती. मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सांगितलं. ते हळूच म्हणाले, “सर, लोकांच्या जकात-सदक्यावर हे चालतं. बाहेर बोललात तर कौमची बदनामी होईल. मुलं जातील कुठं?”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर, मला ते पटवून घ्यायचं होतं. नोकरी कच्ची होती. मी मुलाला मलम आणून दिलं आणि गप्प बसलो. आपले पैगंबर (स.) स्वतः यतीम होते, हे मीच मुलांना मिलादच्या भाषणात सांगत होतो.

बदनामी छडीनं होते की छडीबद्दल बोलल्यानं? फादर फ्लॅनगनना आपलं चर्च आणि आपला देश प्रिय होता. म्हणूनच ते बोलले, असं मला वाटतं. परक्यांच्या चुका तर आपण सगळेच दाखवतो.

या रमजानमध्ये एका यतीमखान्यात जकात द्यायला गेलो. पावती घेतली आणि विचारलं, “इथं मुलांना मारता का?”

व्यवस्थापक हसले. “सर, थोडा धाक तर पाहिजेच ना?”

मी उठलो होतो, तो परत खुर्चीवर बसलो. म्हटलं, “थोडा म्हणजे किती, तेवढं सांगा. मला घाई नाही.”