कप्तानाचें सुतक

सन २०२० च्या एप्रिल-अखेरीस टाळेबंदीमुळें उलव्यास आम्ही सारे घरांत कोंडलेले होतों. ता. ३० रोजीं सायंकाळीं समोरच्या इमारतींतील एका बंगाली गृहस्थांनीं सज्ज्याच्या कठड्यास हिरव्या-किरमिजी रंगाचें निशाण बांधलें. फोनवर चौकशी करितां कळलें कीं, मोहन बागान संघाचे जुने कप्तान चुनी गोस्वामी वयाच्या ८२ व्या वर्षीं कलकत्त्यास निवर्तले. त्याच दिवशीं मुंबईस ऋषी कपूर गेले होते. आमच्या घरीं हळहळ चालली होती ती त्यांचीच. फुटबॉल खेळणाराकरितां एवढा शोक कशाला, असें आमच्या मनांत आलें, हें कबूल केलें पाहिजे.

ते म्हणाले, "मास्टरमोशाय, एरवीं हजारों लोक लोटले असते. आज खांदा द्यावयासहि कोणाला जातां येत नाहीं."

१९६२ सालीं जाकार्ता येथें दक्षिण कोरियाला २-१ असें हरवून भारतानें आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, तें याच कप्तानाच्या हाताखालीं. १९७१-७२ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत मुंबईविरुद्ध बंगालचे क्रिकेट-कप्तानहि तेच. एवढी कीर्ति मिळूनहि फुटबॉलमध्यें त्यांनीं मोहन बागान कधीं सोडला नाहीं.

निशाण तीन रात्रीं तसेंच होतें. सपिंडांचें सुतक सर्वांस ठाऊक आहे. परंतु आचार्य निवर्तले असतां शिष्यानें तीन रात्रीं अशौच धरावें, असेंहि मनुस्मृतींत सांगितलें आहे. तेथें रक्ताचा संबंध पाहात नाहींत.

चौथ्या दिवशीं निशाण उतरलें, तेव्हां आम्ही आपल्या सज्ज्यांतूनच हात जोडले.