हरणीचा विमानतळ

फतेगंजातून कारेलीबागेच्या बाजूने हरणीच्या वाटेला लागले की चार-पाच किलोमीटरांवर बडोद्याचा विमानतळ येतो. हरणी म्हटले की जुन्या बडोदेकरांच्या मनात आधी भीडभंजन मारुती उभा राहतो. विमानाची आठवण मागाहून.

तरी बडोद्याचे नाव आकाशात गेले ते फार पूर्वी. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या देणगीमुळे, दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली ब्रिटिश वायुदलाच्या १२४ व्या पथकास ‘बडोदा’ हे नाव मिळाले आणि ते स्पिटफायर विमानांनिशी लढले. त्या वेळी हे नगर राजधानी होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६० साली गुजरात स्थापन झाल्यावर राजधानीचा मान प्रथम अहमदाबादेस व पुढे गांधीनगरास गेला. आपल्या विमानतळाचे प्राक्तन त्याच वेळी ठरले, असे मला वाटते.

आजची इमारत देखणी आहे, यात शंका नाही. न्यूयॉर्कचे वास्तुशिल्पी फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा तिच्या आराखड्यात मोठा वाटा. पोलादी सांगाड्यावर लाटेसारखे वळलेले विस्तीर्ण छप्पर आणि खाली काचेच्या भिंती. श्वार्ट्झ २०१४ साली निवर्तले. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तो सोहळा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. कोचीनंतरचा देशातील दुसरा हरित विमानतळ म्हणून त्याचा गौरव झाला. आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी दालनेही सिद्ध झाली. परंतु त्यानंतर कित्येक वर्षे परदेशी जाणारी नियमित विमानसेवा मात्र सुरू झाली नाही. यजमानाने दिवाणखाना सजवावा आणि पाहुण्यांनी शेजारच्या घरी उतरावे, तसे झाले!

शेजारचे घर म्हणजे अहमदाबाद. लोहमार्गाने जेमतेम शंभर किलोमीटर. इतक्या जवळ मोठा विमानतळ असता परदेशी कंपन्यांनी येथे का यावे, हा त्यांचा हिशेब व्यवहाराला धरून आहे. आपल्या घरांना तो जड जातो. परदेशी शिक्षणाची परंपरा या नगरीस नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही मुंबईच्या बंदरातूनच. शतक उलटले, तरी बडोद्याची मुले मेलबर्नला वा टोरांटोला निघाली की बहुधा मुंबई, दिल्ली नाहीतर अहमदाबाद गाठतात. सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना नातवाच्या निरोपासाठी रात्री-अपरात्री द्रुतगती मार्गाने अहमदाबादेस नेणे सोपे नसते. मग निरोप फाटकाशीच होतो. हरणीहून निघता आले असते, तर दोघेही काचेपर्यंत आले असते.

मुंबई-दिल्लीची विमाने येथून सुटतात, ही सोयही थोडी नव्हे. शिवाय २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या जुळणीचा कारखाना बडोद्यातच सुरू झाला. वायुदलाच्या ५६ विमानांपैकी ४० येथे घडायची आहेत. विमाने बडोद्यात घडू लागली. आता फतेगंजातल्या आजीबाईंचे विचारणे एवढेच, की सिडनीचे विमान हरणीहून कधी सुटणार?