दोन सुलट, दोन उलट, मुक्काम पोस्ट बारामती

उकाडा सुरू होत असताना लोकर घेऊन बसणाऱ्या एका मावशीच्या घरचा वीकेंड. सोबत काटेवाडीच्या मेंढ्या आणि एक न सुटलेला हिशेब!

बारामती म्हटलं की काय आठवतं? राजकारण, ऊस आणि शाळेत मार्कांपुरते पाठ केलेले मोरोपंत. बहुधा याच क्रमानं. या यादीत लोकर कुठेच बसत नाही. बसणार तरी कशी? पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग म्हणजे पर्जन्यछायेचा प्रदेश. नीरा डावा कालवा जातो तिथे हिरवंगार बागायत, आणि कालव्याचं पाणी संपलं की लगेच कोरडं ठाक जिरायत. थंडी म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने, तीही पहाटेची. फेब्रुवारीच्या दुपारी स्वेटर घालून भिगवण चौकात उभे राहिलात, तर लोक काळजीनं तुमच्या तब्येतीची चौकशी करतील.

तरीही इथे सुया चालतात. मशीनवरच्या नव्हे, हातातल्या. माझ्या रूममेटची मावशी गेली पस्तीस वर्षं बारामतीत घरी बसून लोकरीचं विणते. ‘थंडीतच ये की,’ असं आपल्याला वाटतं. पण मावशींचं म्हणणं वेगळं. ‘थंडीत सगळेच स्वेटर बघतात गं. तू होळीच्या आधी ये. तेव्हा कळतं, विणणारी बाई वर्षभर करते काय ते.’

सो, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. सासवड, जेजुरी, मोरगाव करत गाडी शंभरेक किलोमीटर जाते. जेजुरी आली की खिडकीतून गड दिसतो आणि गाडीतले निम्मे हात आपोआप कपाळाला जातात. म्हाळसा घरी असताना बाणाईसाठी धनगरवाड्यावर मेंढ्या राखायला गेलेला हा देव! या भागाशी मेंढीचं नातं किती जुनं आहे, ते इथेच कळतं. ही मेंढी पुढे परत भेटणार आहे. लक्षात ठेवा.

लॉट नंबर बघितलास का?

मावशींनी मला चहा पाजून थेट गांधी चौकाकडच्या बाजारात नेलं. लोकरीच्या दुकानात फेब्रुवारी म्हणजे सेलचा महिना. स्वेटर विकायला आलेले तिबेटी लोक शहरोशहरीचे स्टॉल आवरून परतलेले असतात आणि दुकानदार उरलेल्या लोकरीचे गुंडे खालच्या फळीवर ढकलून पुढे सुती दोरे मांडतो. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, सीझन संपला. जाणकार विणणारी याच दिवसांत पुढच्या थंडीची लोकर भरून ठेवते, कारण भाव आत्ताच उतरलेला असतो.

इथे माझा पहिला धडा झाला. लोकरीच्या लेबलवर रंगाचा नंबर असतो आणि त्याच्या शेजारी लॉट नंबर. रंग तोच, पण लॉट वेगळा असेल तर छटेत बारीकसा फरक पडतो. गुंडे शेजारी धरले तर कळत नाही. स्वेटर पूर्ण झाला, बाळाला घातला, उन्हात नेला की एक बाही वेगळी दिसते! म्हणून एका लॉटचा एक गुंडा जास्तच घ्यायचा. उरला तर टोपीला जातो.

आता एक गंमत. आपण सगळे जिला ‘लोकर’ म्हणतो, त्यात बहुतेक वेळा मेंढीचा केसही नसतो. ते अ‍ॅक्रिलिक. पेट्रोलियमपासून कारखान्यात बनणारा धागा, आणि त्याची मोठी बाजारपेठ लुधियानात. मावशींना याचं जराही वाईट वाटत नाही. ‘बाळाचे कपडे रोज धुवावे लागतात. खरी लोकर गरम पाण्यात आटते, हे आटत नाही. आईचे हाल कशाला करायचे?’ पॉइंट आहे!

होळीच्या आधीचं कॅलेंडर

‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण आपण पाठ केलेली असते. घरी विणणारीचं वर्ष मात्र होळीला संपत नाही, फक्त कूस बदलतं. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाची वाणं. छोटे बटवे, मोबाइलची कव्हरं, लोकरीची फुलं. ती संपली की लग्नसराईचं रुखवत. दारावरचं तोरण, ताटाभोवतीची महिरप, गणपतीचं आसन, टीव्हीवर टाकायचा रुमाल (टीव्ही भिंतीला चिकटला तरी रुमालाची ऑर्डर येतेच, कुठे टाकतात विचारू नका). त्यासाठी सुया बाजूला पडतात आणि क्रोशाची एकच आकड्याची सुई हातात येते. साखळी, मुका खांब, खांब, पुन्हा साखळी. आणि बारा महिने चालणारी गोष्ट म्हणजे बाळंतविडा. टोपडं, मोजे, स्वेटर, दुपटं. ‘बाळं काही थंडी बघून जन्माला येत नाहीत,’ इति मावशी.

मी गेले तेव्हा बाळंतविड्याचीच ऑर्डर सुयांवर होती. पुण्यातल्या एका आयटीवाल्या जोडप्याची, बाळ एप्रिलमध्ये अपेक्षित. रंग फिकट पिवळा, कारण मुलगा-मुलगी कुणालाही चालतो.

मावशींचा दिवस पहाटे साडेपाचला नळाच्या पाण्यानं सुरू होतो. डबे, नाश्ता, नातवाची शाळा, धुणं, स्वयंपाक. विणायला मिळते ती दुपार, दोन ते साडेचार. बैठक खिडकीजवळ, पण उन्हात नाही. फेब्रुवारीत बोटांना घाम येऊ लागतो आणि अ‍ॅक्रिलिक सुईवर अडकायला लागतं, म्हणून शेजारी पावडरचा डबा. बोटांना पावडर चोळायची आणि चालू. काठाची पट्टी ११ नंबरच्या बारीक सुयांवर, अंग ९ नंबरवर. (नंबर वाढला की सुई बारीक होते, उलटं गणित!) पट्टी दोन सुलट, दोन उलट टाक्यांची, कारण ती ताणली तरी परत जागेवर येते. हे म्हणजे मनगट आणि कंबर धरून ठेवणारं इलॅस्टिक, फक्त रबराशिवायचं.

मी घड्याळ लावून मोजलं. मावशी मिनिटाला तीसेक टाके घालतात, तेही समोर मालिकेचा रिपीट एपिसोड चालू असताना. नुसत्या पाठीला ६० टाके आणि ७० ओळी. म्हणजे ४,२०० टाके. अजून पुढचे दोन भाग, दोन बाह्या आणि गळा बाकी.

एका घरात दोन सुया

साडेपाचला वहिनी आल्या. मावशींच्या सूनबाई. त्या एमआयडीसीतल्या टेक्सटाइल पार्कमध्ये शिलाईला आहेत. केंद्र सरकारनं २००५ मध्ये टेक्सटाइल पार्कांची योजना आणली, तिच्यातून बारामतीचं हे पार्क उभं राहिलं. तिथे काम करणाऱ्यांत बहुतांश बायका. आसपासच्या गावांतून आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पगार घेणाऱ्या कितीतरी.

वहिनींची सुई मिनिटाला हजारो टाके घालते. त्यांना टार्गेट असतं, पीस मोजले जातात, महिन्याला पगार येतो, पीएफ कापला जातो. त्या घरी आल्या की म्हणतात, ‘दमले.’ आणि घरातले ऐकून घेतात. मावशी दिवसभराचं सगळं आवरून २,००० टाके घालतात, त्याला मात्र घरात शब्द आहे ‘टाइमपास’. काका प्रेमानंच म्हणतात. पण म्हणतात!

त्या संध्याकाळी पुण्याच्या गिऱ्हाइकाचा व्हिडिओ कॉल आला. मावशींनी कौतुकानं पिवळी पाठ कॅमेऱ्यासमोर धरली. पलीकडून आवाज, ‘काकू, मस्तच! पण सातशे जरा जास्त होतात का? ऑनलाइन सेट तीनशेला दिसतोय.’ मावशी हसल्या. म्हणाल्या, ‘बघू, तुम्ही घ्या तर खरं.’

फोन ठेवला आणि वहिनींनी न बोलता फ्रिजवरची वही काढली. दुधाच्या हिशेबाची वही, पण शेवटच्या पानावर वेगळाच हिशेब. महिनाभर त्या सासूबाईंचे तास लिहीत होत्या. आधीच्या एका सेटचं पान समोर होतं. स्वेटर १४ तास, टोपडं ४, मोजे ३, शिवणं-गुंड्या-धुणं ३. एकूण २४. लोकर १८० रुपये. सातशेतून एकशेऐंशी गेले, उरले ५२०. भागिले चोवीस.

तासाला बावीस रुपयेही नाहीत.

‘आई, आमच्या लाइनीवर नवी आलेली पोरगी यापेक्षा जास्त घेती,’ वहिनी म्हणाल्या.

मावशींनी वही मिटली. ‘तास लिहून ठेवले ना की विणायची मजा जाते बघ. मग प्रत्येक टाका पैशासारखा दिसायला लागतो.’

दोघींपैकी कोण बरोबर? मी शब्दांवर पैसे मिळवणारी फ्रीलान्सर. मीही मनातल्या मनात माझे तास मोजले. आकडा इथे छापत नाही.

काटेवाडीच्या मेंढ्या

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या स्कूटीवरून इंदापूर रस्त्याला लागलो. दोन्हीकडे तोडणीला आलेला ऊस, कारखान्याकडे निघालेल्या गाड्या, रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या. काटेवाडीच्या पुढे ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात मेंढ्यांचा कळप बसवला होता. शेतकऱ्याला खत, मेंढ्यांना चारा, असा हा जुना व्यवहार. जाळ्याची वाघर, दोन घोडी, चार कोंबड्या आणि एक झोळी. झोळीत बाळ. बाळाच्या डोक्यावर कानटोपी. कसली? अ‍ॅक्रिलिकची! बाजारातून आणलेली.

काटेवाडीला मेंढ्यांचा मान मोठा. आषाढात तुकोबांची पालखी इथे येते तेव्हा तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो मेंढ्या पालखीभोवती धावतात ते बघायला लांबून लोक येतात. पण त्याच मेंढीच्या अंगावरच्या लोकरीला आज विचारतं कोण?

कळपाच्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, ‘कातरायला मेंढीमागं पैसं द्यावं लागत्यात. लोकर कुणी फुकट न्यायला तयार न्हाई. पडती तितंच.’

महाराष्ट्रात २०१९च्या पशुगणनेत सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. आपल्याकडची मुख्य जात दख्खनी. काटक, उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणारी, पण लोकर जाड, केसाळ आणि बरीचशी काळी. तलम मेरिनोच्या जवळपास दुप्पट जाडीची. या लोकरीचं खरं काम घोंगडी. टकळीवर सूत काढायचं, सणगरांच्या मागावर विणायचं, चिंचोक्याची खळ द्यायची. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची घोंगडी त्यातल्या त्यात मऊ. मग पानिपतची स्वस्त ब्लँकेटं गावोगाव पोचली आणि घोंगडीचं गिऱ्हाईक आटलं. नीरा ओलांडली की पलीकडे फलटण. तिथल्या निंबकर संस्थेनं याच दख्खनी मेंढीपासून जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार केली. जुळ्या कोकरांचा हिशेब मटणाचा. पैसा आता तिथे आहे, लोकरीत नाही.

मी मूठभर लोकर पिशवीत घालून आणली. मावशींनी ती अंगठा आणि बोटात चोळली, आपल्या गालाला लावली, वास घेतला. ‘बाळाला नाही चालायची. टोचेल.’ मग थोडं थांबून, ‘आसन होईल बघ. जाड सुयांवर. पण सूत कोण काढून देणार? आणि त्याचे तास कोण लिहिणार?’ शेवटचा प्रश्न वहिनींकडे बघून.

तर, भाव काय ठरला?

रविवारी सकाळी बाह्या सुयांवर चढल्या आणि वाटाघाटी झाल्या. शहरातल्या, ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला सेट अकराशे. तासांचा हिशेब वहिनी ठेवणार, मावशींना दाखवायचा नाही. गल्लीतल्या आणि नात्यातल्या बाळांना पहिलं टोपडं फुकट, त्यावर चर्चा नाही. अकराशेनंही तासाला चाळीसच्या आतच पडतात, हे वहिनींनी हळूच सांगितलं. पुण्याच्या जोडप्याला आधी कबूल केलेलं सातशेच. त्यांनी मागितलेली सूट मात्र नाही.

वीकेंडला जाऊन काय मिळालं, असं विचाराल तर एवढंच सांगते. कोरेगाव पार्कच्या एखाद्या दुकानात ‘हँडमेड’चं लेबल बघून आपण जास्तीचे पैसे देतो. तेच काम ओळखीच्या काकूंनी केलं की आपल्याला ते महाग वाटतं. पुढच्या वेळी बाळंतविडा सांगाल तेव्हा वहिनींच्या वहीतले चोवीस तास आठवा.

जाणार असाल तर...

कसे जाल : स्वारगेटहून थेट एसटी. रेल्वेनं दौंडमार्गे.
कधी : फेब्रुवारीअखेर ते होळी. पहाटे शाल, दुपारी टोपी-गॉगल.
वाटेत : मोरगावचा मयूरेश्वर, जेजुरी.
परतताना : बारामतीहून भिगवणमार्गे या. उजनीच्या पाण्यात कुंभारगावला फ्लेमिंगो असतात, पहाटे लवकर नावेतून बघायचे.
काय आणाल : लोकर (एकाच लॉटची!). आणि कुणाकडून विणून घेणार असाल तर भाव करू नका.