बिनउचलीचा सालदार

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला पगार विचारला की तो आधी हसतो. का हसतो, ते मला धामणगाव रेल्वेला आल्यावर कळलं. ऑगस्ट 2024 मध्ये इथल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्राचे तास मिळाले. आठवड्याला नऊ तास, तासाचे इतके, महिन्याचे इतके. त्यातून खोलीभाडं, जेवण आणि उरले तर घरी, असा कागद मी मिरजेहूनच करून आणला होता. पण पैसे महिन्याच्या महिन्याला येतच नाहीत. आधी नेमणुकीला मान्यता, मग तासांचे तक्ते, मग बिलं, मग निधी. हे सगळं जुळून आलं की एकदम काही महिन्यांचे पैसे खात्यावर पडतात, आणि तोवर वर्ष संपत आलेलं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये सुचवले होते, हे मला पाठ होतं. ते पाठ असून किराणा मिळत नाही.

महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरजेहून थेट धामणगावला येते, एवढी एकच सोय माझ्या बाजूची होती. गाव तसं टुमदार. रेल्वेलाईन, बाजार समिती, जिनिंगचे कारखाने, आणि मोसमात कापसाने भरलेल्या गाड्या. 1867 साली नागपूरला पोचलेली ही लाईन मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी ओढली गेली होती. भाषा मराठीच, पण पहिले काही दिवस कुणी बोललं की मी मान हलवायचो आणि अर्थ नंतर जुळवायचो.

खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं भरल्यावर खिशात जे उरलं ते फार दिवस पुरणारं नव्हतं. ग्रंथालयात काम करणाऱ्या एका मित्राला मी न राहवून विचारलं, "साधारण कधी येतात पैसे?" त्याने पुस्तकावर शिक्का मारता मारता सांगितलं, "सर, ते नका इचारू. तुम्ही आता सालदार झाले."

मला कळलं नाही. त्यानेच मग समजावलं. शेतात वर्षाच्या बोलीवर राहणारा गडी म्हणजे सालदार. गुढीपाडव्याला त्याचं साल ठरतं, पुढच्या पाडव्याला संपतं. वर्षभराचा एक आकडा, थोडं धान्य, आणि मधेमधे उचल. ती उचल शेवटी हिशेबात वळती होते. "फरक एवढाच," तो म्हणाला, "सालदाराले उचल तरी भेटते. तुमाले तेबी नाई."

त्या एका वाक्यात माझ्या वर्षाचा अर्थसंकल्प होता. मी महिन्याच्या पगाराचं गणित घेऊन अशा गावात आलो होतो, जिथे बऱ्याच लोकांकडे पैसा वर्षातून एक-दोनदाच येतो. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीच्या आगेमागे कापसाची पहिली वेचणी, जानेवारीत तूर, मग हरभरा. मधल्या महिन्यांत सगळे जण मागच्या पिकावर नाहीतर पुढच्या पिकाच्या भरवशावर जगतात. वर्षाकाठी मिळणाऱ्या पैशावर रोज कसं जेवायचं, हे ज्ञान मला पुस्तकात मिळणार नव्हतं, पण इथे ते घरोघरी होतं.

पहिला धडा किराणा दुकानात. खातं उघडायला आधार कार्ड लागलं नाही, माणूस लागला. मित्र दुकानदाराला म्हणाला, "हे आपले सर होत. याईचं लिहा माह्या नावाखाली." दुकानदाराने लाल बांधणीची लांबट वही काढली, मित्राचं पान उघडलं, त्याच्या शेवटच्या नोंदीखाली एक आडवी रेघ मारली आणि रेघेखाली नुसतं 'सर' लिहिलं. मग खाली: तेल 1, तूरडाळ 1, चहापत्ती, साबण 2, पोहे. आकडे उजवीकडे, बेरीज नाही. बेरीज गिऱ्हाइकाने मागितली तरच होते. नियम तोंडी सांगितले गेले. पोळा, दसरा, दिवाळी या तिन्ही सणांना थोडं का होईना टाकायचं. मोबाइलचं रिचार्ज उधारीत नाही. आणि दुसऱ्या दुकानात रोखीने माल घेताना दिसलात, तर इथलं खातं बंद. हा शेवटचा नियम ऐकून मी चाटच पडलो, पण विचार केल्यावर पटला. उधारी देणाऱ्याला पैशाइतकीच निष्ठाही हवी असते.

दुसरा धडा खोलीवर. एकट्याने खोली घेणं म्हणजे चैन, हे आठवड्याभरातच ठरलं. ग्रंथालयवाला आणि एका पतसंस्थेत काम करणारा त्याचा मावसभाऊ माझ्या खोलीत राहायला आले, म्हणजे भाड्याचे तीन वाटे झाले. खानावळ बंद केली. गॅसजोडणीसाठी इथला पत्त्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. पाच किलोचा 'छोटू' सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, हे मला मावसभावाने सांगितलं. बाजाराच्या दिवशी अंधार पडता पडता जायचं, कारण बाजार उठायच्या वेळी वांगी, पालक आणि सांबाराच्या जुड्या, म्हणजे आपली कोथिंबीर, निम्म्या भावात येतात. तांदूळ मी शिजवायचो, ज्वारीच्या भाकरी मावसभाऊ थापायचा, भांडी ग्रंथालयवाला घासायचा. माझी भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच फाटायची, म्हणून ते खातं माझ्याकडून कायमचं काढून घेतलं गेलं.

तिसरा धडा कागदांचा. मान्यतेच्या आणि बिलांच्या कामासाठी अमरावतीला खेटे घालावे लागतात. प्रत्येकाने स्वतंत्र जायचं म्हटलं तर भाड्यातच जीव जाईल. पण रोज अपडाऊन करणारे सहकारी होते, त्यांच्याकडे रेल्वेचा मासिक पास. तो पास दुसऱ्याला चालत नाही आणि स्लीपरच्या डब्यात बसता येत नाही, पण पासधारकाच्या पिशवीत कुणाचे कागद आहेत हे तिकीट तपासनीस विचारत नाही. माझे तक्ते वर्षभर दुसऱ्यांच्या पासावर प्रवास करत राहिले. गाडी चुकली तर एसटी, आणि एसटीने जायचं तर आमच्यातल्या वाणिज्यच्या मॅडम जायच्या, कारण मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. कुणी कधी जायचं हे वेळापत्रकावर नाही, भाड्यावर ठरायचं.

मग भिशी. आमच्या भिशीत दहा जण: शिक्षक, लिपिक, एक पोस्टातला, एक दवाखान्यातली परिचारिका. प्रत्येकी हजार रुपये, दर महिन्याला दहा हजार एकाला. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि परिचारिकाताईंच्या लहान मुलीने एक उचलायची. एकदा ज्याचं नाव निघालं, त्याची चिठ्ठी पुढच्या वेळी डब्यात नसते, पण हप्ता शेवटपर्यंत भरायचा. पहिल्या नंबरवाल्याला बिनव्याजी कर्ज मिळतं, शेवटच्याची बचत होते. बँकेच्या भाषेत शेवटच्याचा तोटा आहे, कारण त्याचे पैसे तोवर दुसऱ्यांनी वापरले. माझं नाव शेवटाकडे निघालं असतं तर मला काडीचाही उपयोग नव्हता. दुसऱ्या महिन्यात चिठ्ठी निघाली वाणिज्यच्या मॅडमची. त्यांनी कुणाला न विचारता ती माझ्याकडे सरकवली. "तुमाला आत्ता लागतात, मला मार्चमध्ये." त्यांनी माझ्यावर उपकार केला असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. त्या दहा हजारांत आईची औषधं झाली आणि दिवाळीचं तिकीट निघालं.

पण दरमहा हजाराचा हप्ता आणायचा कुठून? त्याचीही तजवीज मित्रांनीच केली. बाजार समितीत एका अडत्याकडे मोसमात संध्याकाळी नोंदी उतरवायला माणूस हवा होता. मावसभावाने माझं नाव सुचवलं. तिथे बसून मी जे पाहिलं, त्याने माझ्या उधारीकडे बघण्याची नजर बदलली.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. माझ्या हातून उतरलेल्या बहुतेक पट्ट्यांवर, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या पावत्यांवर, भाव चार हजारांच्या आसपास, ओल्या मालाला त्याहून कमी. सरकारी खरेदीत ओलावा 12 टक्क्यांपर्यंतच चालायचा. नोव्हेंबरात ती अट 15 टक्क्यांपर्यंत सैल झाली, तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि ज्यांना पैशाची नड होती त्यांनी माल विकून टाकला होता. पट्टी हातात घेऊन माणूस खाली बसायचा, बोटांवर काहीतरी मोजायचा आणि उठून जायचा. तो काय मोजतोय हे मला आता कळत होतं. दुकानदाराचं खातं, कृषी केंद्राचं खातं, पोरांची फी.

त्याच दिवसांत आमच्या किराणावाल्याने पहिल्यांदा बेरीज करून माझ्या हातात दिली. "सर, यंदा जमल तेवढं टाका. समद्याइचंच थांबलं." त्याने तगादा लावला नाही, पण आवाज नेहमीचा नव्हता. मला कायम वाटायचं की अडचण माझी आहे आणि आधार गावाचा. पण आमची सगळ्यांची भिस्त एकाच ठिकाणी होती. शेतकऱ्याचा भाव पडला की किराणावाल्याची वही फुगते, वही फुगली की मला तेलाची पिशवी मिळणं अवघड होतं. सगळ्यांचे पैसे एकदम लांबले की मित्रही एकमेकांना पुरत नाहीत. त्या महिन्यात आम्ही खोलीवरचा चहा बंद केला आणि अडत्याकडून मिळालेले सगळे पैसे वहीत टाकले.

हिवाळ्यात जरा हात सैल झाला, तो पैशाने नव्हे. ग्रंथालयवाल्याच्या शेतातून तुरीच्या शेंगांचं पोतं आलं, हरभऱ्याचे डहाळे आले. त्याची आई कढी आणि फुणके डब्यात भरून पाठवायची. एका रविवारी शेतात रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची झणझणीत भाजी, वर तुपाची धार. जेवण झाल्यावर मी खोलीच्या वहीत 'रोडगे' असं लिहून माझ्या वाट्याचा आकडा विचारला. मित्राने वही मिटली. "पैसा लिवायचा सर. पोळी लिवाची नाई."

हा नियम मग मी तपासून पाहिला, तर तो सगळीकडे काटेकोर पाळला जात होता. भिशीचा हप्ता, गॅस, भाडं, उसने घेतलेले दोनशे, सगळं रुपयापर्यंत लिहिलेलं. डबा, शेंगा, दुचाकीवरची लिफ्ट, अमरावतीचा खेटा, यातलं काहीच नाही. पहिल्यात ढिलाई केली तर मैत्री तुटते, दुसऱ्यात हिशेब केला तर ती सुरूच होत नाही. न लिहिलेलं फेडायचं कसं, याची वाट हळूहळू सापडली. पतसंस्थेतला मावसभाऊ स्पर्धा परीक्षा देत होता, त्याला मी रोज रात्री अर्थशास्त्र शिकवलं. परिचारिकाताईंच्या भावाचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून दिले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मोजलंही नाही.

तरी एक गोष्ट मनातून सुटत नाही. जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सात दिवस सात घरी. आपल्याकडे त्याच्या आठवणी कौतुकाने सांगितल्या जातात. पण त्या घरांची दारं जातीने उघडत होती, ज्याला ती उघडत नव्हती त्याचं शिक्षण तिथेच थांबत होतं. म्हणून तर साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांना आणि इथे अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांना सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढावी लागली. माझं खातं उघडलं, कारण माझ्यासाठी बोलणारा माणूस होता. मी ग्रंथालयात जाणारा नसतो, आडनाव वेगळं असतं, बाई म्हणून एकटी खोली शोधत असते, तर हीच गोष्ट अशीच घडली असती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पैसे आले ते परीक्षा तोंडावर आल्यावर, आणि तेही सगळे नाहीत. आधी किराणा, मग भिशीचे राहिलेले हप्ते, मग खोलीचा वाटा. उरले त्यात पुढच्या वर्षीच्या पहिल्या दोन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवलं. नव्याने तासांवर लागलेल्यांना मी आता तीन गोष्टी सांगतो. खोली एकट्याने घेऊ नका. खातं एकाच दुकानात ठेवा आणि सणाला काहीतरी टाकाच. तासांचा तक्ता महिन्याच्या शेवटच्या दिवशी भरून त्याची प्रत स्वतःकडे ठेवा, कारण पुढे वाद झाला तर त्या प्रतीशिवाय बोलायला काही नसतं.

चौथी गोष्ट सांगायची नसते, करायची असते. आम्ही काही जणांनी मिळून एक अर्ज केला आहे. भागतंय ना, असं आम्हाला वरचेवर ऐकवलं जातं. भागतं ते किराणावाल्याच्या वहीवर, कुणाच्या आईच्या डब्यावर आणि एका मॅडमच्या चिठ्ठीवर. यातलं काहीच कॉलेजच्या किंवा सरकारच्या खर्चात दिसत नाही, म्हणून उशीर फुकट आहे असं वाटतं. आमची मागणी मोठी नाही. महिन्याचा पगार महिन्याला देणं जमत नसेल, तर झालेल्या तासांवर निदान दर तीन महिन्यांनी उचल द्या, आणि शेवटी हिशेबात वळती करा. पाडव्याला बोली करणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे येतं.