हलू नका, बाईंना खपत नाही

डगेरोटाइप म्हणजे धातूच्या पाटीवरचा जुना फोटो. या बाई भारी मानी. अंगात तांबं, वर चांदीचा मुलामा. घासून आरसा केल्याशिवाय कामाला तयार व्हायच्या नाहीत. मग अंधारात आयोडिनची वाफ घ्यायची, कॅमेऱ्यात उजेड बघायचा आणि शेवटी तापलेल्या पाऱ्याच्या वाफेवर रूप उमटवायचं. ती वाफ विषारी. पण सोसायची कुणी, तर फोटोवाल्यानं! १८३९ मध्ये पॅरिसात त्यांचं गुपित जाहीर झालं आणि १८५२च्या सुमारास मुंबईत ग्रँट रोडवर विल्यम जॉन्सन त्यांच्यावर तसबिरी काढून देऊ लागला.

पहिला हट्ट, समोरच्यानं हलायचं नाही. १८३८ मध्ये बाईंच्या जनकानं, लुई दागेरनं, पॅरिसचा वर्दळीचा रस्ता टिपला, तर गाड्या-घोडे, माणसं सगळी गायब. ठळक उरला तो बूट पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ, कारण तोच काय तो जागचा हलला नव्हता. पुढे रसायनं सुधारली, मिनिटांची सेकंदं झाली; तरी धावती आगगाडी आवाक्याबाहेरच. १६ एप्रिल १८५३ला ठाण्याला आलेली पहिली गाडी बाईंना दाखवली असती, तर गाडी विरून रूळ तेवढे उरले असते. आज सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर त्यांना काही मिनिटं बसवा. अख्खी गर्दी पुसली जाईल; दिसतील फक्त पॉलिशवाल्याच्या ठोकळ्यावर पाय ठेवून उभे असलेले साहेब. डोंबिवलीविषयी याहून शांत थाप कुणी मारली नसेल.

दुसरा हट्ट, नक्कल होऊ द्यायची नाही. एक पाटी, एक चित्र. तेही उलटं, पदर भलत्याच खांद्यावर. इथेच घात झाला. खुद्द जॉन्सन हव्या तेवढ्या प्रती देणाऱ्या निगेटिव्हकडे वळला आणि १८५६पासून विल्यम हेंडरसनबरोबर कागदी फोटोंचा मासिक अल्बम काढू लागला. त्यानं बरोबरच केलं. बाईंचं बारीक काम मात्र त्या काळच्या कागदाला साधलं नाही.

धाकटी बहीण टिनटाइप, लोखंडी पत्र्याची. स्वस्त, झटपट, खिशात कोंबली तरी तक्रार नाही.

कल्याणच्या एखाद्या जुन्या वाड्यात, माळ्यावर यांपैकी कुणी सापडलीच, तर चुंबक जवळ न्या. ओढली गेली तर धाकटी. थोरली असेल तर तिरकी धरून बघा. एकदा चित्र दिसेल, एकदा तुमचाच चेहरा. वरची काच काढू नका. आणि चांदी काळवंडली म्हणून रांगोळी, दंतमंजन किंवा आपल्या ठाण्याची पितांबरी घेऊन बसू नका. नुसतं बोट फिरलं तरी चित्र कायमचं जातं.