लोगन आणि मागच्या रांगेतलं हसू

विकांताला काहीतरी हलकंफुलकं लिहायचं असं दर आठवड्याला ठरवतो आणि भलतंच लिहून बसतो. आजही तसंच होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. शिवाय सिनेमातलं बरंच काही फोडणार आहे. ज्यांनी 'लोगन' अजून पाहिलेला नाही त्यांनी आधी तो बघावा आणि मग इकडे यावं. मी कुठे पळून जात नाही.

तर गोष्ट मार्च २०१७ ची. आमच्या प्रोजेक्टचं एक मोठं रिलीज (सॉफ्टवेअरचं, सिनेमाचं नव्हे) एकदाचं पार पडलं होतं. तीन आठवडे रात्रीचं जेवण हापिसातच झाल्यावर मॅनेजरसाहेबांना अचानक आमची दया आली आणि त्यांनी अख्ख्या टीमला दुपारच्या शोची तिकिटं काढून दिली. पुण्यातलं मल्टिप्लेक्स, दोन रांगांत पसरलेली आमची टोळी, आणि प्रत्येकाच्या हातात सोन्याच्या भावाचे पॉपकॉर्न. अस्मादिक पुढच्या रांगेत, बरोबर मागे आमचा टीम लीड.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोगन म्हणजे वुल्व्हरीन. हाताच्या मुठीतून पोलादी पाती बाहेर काढणारा, गोळ्या लागल्या तरी जखमा आपोआप भरून येणारा गडी. ह्यू जॅकमनने २००० साली पहिल्या 'एक्स-मेन'मध्ये ही भूमिका केली तेव्हा मी अकरावीत होतो. त्यानंतर सतरा वर्षं हा माणूस तीच भूमिका करत होता आणि 'लोगन'मध्ये तिचा निरोप घेणार होता. दिग्दर्शक जेम्स मॅनगोल्ड. अमेरिकेत 'आर', आपल्याकडे 'ए' सर्टिफिकेट. आम्ही सगळे मारामारी बघायला गेलो होतो, खोटं कशाला बोला.

राष्ट्रगीत झालं, तंबाखूची जाहिरात झाली, सिनेमा सुरू झाला. साल २०२९. लोगन भाड्याची लिमोझिन चालवतोय. गाडीत दारू पिऊन झोपलाय आणि चोरटे गाडीची चाकं काढतायत. तो उठतो, मुठीतून पाती बाहेर येतात आणि थेटरात शिट्ट्याच शिट्ट्या! मग दिसतं की एक पातं अर्धवटच बाहेर आलंय. म्हातारा झालाय हो हा! चोर त्याला बडवतात. शिट्ट्या जागच्या जागी विरल्या. नंतर तो चिडून जे काही करतो ते बघून शेजारी बसलेल्या आमच्या टेस्टिंगवाल्या मैत्रिणीने पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला तो शेवटपर्यंत उचलला नाही.

इंटरव्हलला (हॉलिवूडच्या सिनेमाला आपले लोक वाट्टेल तिथे कात्री लावून इंटरव्हल करतात, तो वेगळ्या लेखाचा विषय) आमच्यात सरळ दोन तट पडले. "फाइट कमी आहेत यार." "हिरो वाचायला चष्मा लावतो, हे कसलं?" "मला तर रडायला येतंय." "सामोसे संपले का?" असो.

आता मुद्द्याचा प्रसंग. या सिनेमात लोगन एकटा नाहीये. त्याच्याकडे चार्ल्स आहे, प्रोफेसर एक्स. जगातला सगळ्यात ताकदवान मेंदू असलेला माणूस, आणि आता नव्वदीत त्या मेंदूलाच आजार झालाय. झटका आला की आजूबाजूची सगळी माणसं थिजून जातात, मरूही शकतात. म्हणून लोगन त्याला लपवून ठेवतो. गोळ्या आणतो, वेळेवर देतो, उचलून गाडीत ठेवतो, उचलून खाली काढतो. दोघं एकमेकांवर सतत करवादत असतात. पॅट्रिक स्टुअर्टच्या सभ्य प्रोफेसरच्या तोंडी चक्क शिव्या आहेत. आणि एका ठिकाणी लोगन त्याला संडासात घेऊन जातो.

थेटर शांत होतं. आणि तेवढ्यात माझ्या मागून कोणीतरी हसलं. गालातल्या गालात नाही, चांगलं खो खो.

मी वळून बघितलं. आमचा लीड!

मी डोळे वटारले. त्याने हात वर करून 'सॉरी' केलं, पण हसू काही आवरेना त्याला. मला भयंकर राग आला. एक आजारी म्हातारा, त्याची इतकी केविलवाणी अवस्था, आणि या माणसाला हसू येतं? पुढचा अर्धा तास मी सिनेमा कमी आणि स्वतःची संवेदनशीलता जास्त बघत होतो.

सिनेमा संपला. छोटी लॉरा लोगनच्या थडग्यावरचा क्रूस उपसते आणि तिरका करून ठेवते, म्हणजे त्याचा 'एक्स' होतो. दिवे लागले तरी अर्धं थेटर जागेवर. मला वाटलं, काय गहिवरलेत लोक! नंतर कळलं की त्यातले बरेचसे मार्व्हलच्या सवयीने शेवटी अजून एखादा सीन येईल म्हणून बसले होते. तसा सीन नव्हताच. खरोखर गहिवरलेला कोण आणि सीनची वाट बघणारा कोण, हे मागून नुसती डोकी बघून सांगता येत नाही.

बाहेर टपरीवर कटिंग मारताना चर्चा रंगली. चर्चा कशावर, तर त्या क्लोनवर. सिनेमात हुबेहूब लोगनसारखा दिसणारा एक क्लोन आहे, तो चार्ल्सला मारतो. तो घरात शिरलाच कसा, त्याला पत्ता कसा मिळाला, यावर आम्ही इंजिनियर मंडळींनी वीस मिनिटं रीतसर डीबगिंग केलं. त्यात मी सगळ्यांसमोर म्हणालो, "क्लोनचं जाऊ दे, काही लोकांना कुठे हसावं तेसुद्धा कळत नाही." सगळे फिदीफिदी हसले. लीड काही बोलला नाही. चहा अर्धा ठेवून म्हणाला, "चला, निघतो मी. घरी जायला हवं." तो गेल्यावर मी "वहिनींचा फोन आला वाटतं" असा एक फालतू विनोदही मारून घेतला.

वर्षभराने त्याने कंपनी सोडली. त्यानंतर काही महिन्यांनी ग्रुपवर निरोप आला की त्याची आई गेली. चार वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तो एकटाच सगळं बघायचा. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. मी दोन हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि डेडलाइनच्या मागे लागलो. दोन आणि दोन चार करायची अक्कल तेव्हाही आली नाही.

मधल्या काळात 'लोगन'चं बरंच कौतुक झालं. पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. २०१७ च्या बर्लिन महोत्सवात सिनेमा बघताना जॅकमनने डोळे पुसले, स्टुअर्टचा हात हातात घेतला, हा किस्सा स्टुअर्टनेच सांगितलेला आहे. पुढे २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरीन' आला. त्याच्या सुरुवातीला डेडपूल त्याच लोगनचं थडगं उकरतो आणि त्याच्या हाडांनी मारामारी करत नाचतो. टीममधल्या नव्या पोरांनी थेटर डोक्यावर घेतलं होतं. गंमत म्हणजे मीही पोट धरून हसलो. तोवर माझ्या हसण्याचे निकष बदलले होते.

कारण २०२२ मध्ये बाबांच्या आजाराला नाव मिळालं. नाव मिळण्याआधी दोन वर्षं आम्ही त्याला 'वय झालं' म्हणत होतो. चाळीस वर्षं बँकेचा हिशेब पैशापर्यंत जुळवणारा माणूस चष्मा फ्रिजमध्ये ठेवायला लागला. आता त्यांना आईचं नाव आठवतं, बँकेच्या जुन्या शाखा आठवतात, मी मात्र बऱ्याचदा अण्णा असतो. अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. सुरुवातीला मी दर वेळी "बाबा, मी अण्णा नाही" म्हणायचो. त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मीच कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय. मग सोडून दिलं.

गेल्या शनिवारी रात्रीची ड्यूटी माझी होती. (आमच्याकडे आता ऑन-कॉलचं वेळापत्रक आहे, हापिसातल्यासारखंच. आई, मी, बायको. रविवारी बहीण.) झोप येऊ नये म्हणून हॉलमध्ये आवाज अगदी बारीक करून 'लोगन' लावला. बाराच्या सुमारास बाबा उठले. बाथरूमला नेलं. तिथे आमचं नेहमीचं नाट्य. "मी काय लहान आहे का? हो बाजूला!" "बाबा, भिंत तिकडे आहे." "मला भिंत शिकवतोस?" हात भिंतीला टेकवूनच बोलणं चाललेलं. मला हसू आलं. मी हसतोय बघून तेही हसायला लागले. रात्री बारा वाजता पायजम्याची नाडी धरून दोन बाप्ये खो खो हसतायत. आतून आईचा आवाज, "काय चाललंय रे तुमचं?"

त्यांना झोपायचं नव्हतं. हॉलमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. आणि थोड्या वेळाने तोच प्रसंग. लोगन, चार्ल्स, संडास. मला पुन्हा फस्सकन हसू फुटलं, आणि त्याच क्षणी मागच्या रांगेतलं ते हसू आठ वर्षांनी माझ्या कानावर आदळलं.

लीड चार्ल्सला हसत नव्हता. मी समोर एक केविलवाणा म्हातारा बघत होतो. त्याला त्याच्या घरची सकाळ दिसली होती, आई, तिची कटकट, त्याची कटकट, सगळ्यासकट. जे दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हतं ते हॉलिवूडच्या सुपरहिरोने पडद्यावर करून दाखवलं, मग हसणार नाही तर काय? त्या थेटरात सगळ्यात कमी कळलेला माणूस मी होतो, आणि डोळेही मीच वटारले होते.

बाबा मन लावून बघत होते. इंग्रजी त्यांना कळत होतं की नाही देव जाणे. थोड्या वेळाने चार्ल्सकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यांना गोळ्या दिल्या का?"

मी म्हटलं, "दिल्या."

"आणि जेवण?"

जेवणाचाच प्रसंग पुढे होता. हायवेवर भेटलेलं एक शेतकरी कुटुंब या तिघांना घरी जेवायला बोलावतं. सगळे टेबलाभोवती बसून हसतायत. बाबांचं समाधान झालं. मग लोगन चार्ल्सला उचलून जिन्याने वर नेतो आणि पलंगावर निजवतो.

मला पुढचं माहीत होतं. चार्ल्सला अंधारात सगळं आठवतं, आपल्या हातून कोणती माणसं मेली तेही. तो ते लोगनला सांगतो. आजची रात्र किती छान गेली, आणि ती आपल्या लायकीची नव्हती, असंही सांगतो. फक्त समोर लोगन नसतोच, तो क्लोन असतो. आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तो चुकीच्या माणसापाशी बोलतो. टपरीवर वीस मिनिटं आम्ही त्या क्लोनचं लॉजिक तपासत बसलो होतो, म्हातारा काय बोलला याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

माझ्याशीही बाबा अण्णा समजून बरंच काही बोलतात. जमिनीच्या वाटणीत आपण ताठ वागलो, आजारपणात तुला भेटायला आलो नाही, असं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय उत्तर द्यावं कळेना. अण्णांच्या वतीने माफ करायचा मला काय अधिकार? आता "असू दे रे" म्हणतो. बरोबर करतो की चूक, अजून ठरलेलं नाही.

मी सिनेमा तिथेच बंद केला.

"पुढे काय झालं?" बाबांनी विचारलं.

"झोपले ते."

"हं. दमले असतील. अण्णा, तू पण झोप."

रविवारी सकाळी लीडचा नंबर शोधला. आठ वर्षांत दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे बोलणं नव्हतं. लिहिलं, "२०१७ मध्ये 'लोगन' बघताना तू हसलास म्हणून तुझ्यावर डोळे वटारले होते, वर टपरीवर बोललोही होतो. आत्ता कळलं. सॉरी."

अर्ध्या तासाने उत्तर आलं. त्यात सिनेमाचा उल्लेखच नव्हता.

"आई की बाबा?"

मी लिहिलं, "बाबा."

मग त्याचा फोनच आला. पाऊण तास बोललो. रात्री पलंगाला कठडा लावायचा की नाही, गोळी कशात कालवून द्यायची, बाथरूममध्ये दांडी किती उंचीवर बसवायची, असलंच सगळं. दांडी आणायला मी आत्ता निघालोय, म्हणून इथेच थांबतो.